पेपर उभा फाडून बघा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या एका रविवारच्या पुरवणीत घरसजावटीवर पानभर मजकूर आला होता. फोटो सुरेख होते. सगळ्या खोल्या पांढऱ्याशुभ्र, कोपऱ्यात एकेक कागदी दिवा, भिंतीवर परातीएवढी कागदाची फुलं, आणि एकाही फोटोत माणूस नाही. रोज काहीतरी नवं सुचत राहावं म्हणून फोनवर काय काय बघत जावं, तेही लिहिलं होतं. खाली चौकटीत त्या दिव्याची किंमत होती. ती वाचून मी सुनेला हाक मारली. ती म्हणाली, "आई, हँडमेड आहे ना, म्हणून." मला हसूच आलं. २६ वर्षं मी हाताने कागदाच्या घड्या घातल्या, पण हँडमेड म्हणून चार पैसे जास्त कुणी हातावर ठेवल्याचं आठवत नाही.

भांडायला म्हणून हे पत्र लिहीत नाही. थोडं भांडण आहे, ते मध्ये येईल.

मी वरळीच्या बीडीडी चाळीतली. आमचे हे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. आज मिटेल, उद्या मिटेल करता करता पावसाळा आला तेव्हा मी लोअर परळच्या एका गाळ्यात बाइंडिंगच्या कामाला लागले. (संप अजून कुणी रीतसर मागे घेतलेलाच नाही, असं हे शेवटपर्यंत सांगायचे.) छापून आलेला मोठा ताव घडीवर घडी घालून १६ पानांचा फर्मा करायचा, फर्मे ओळीने लावायचे, मग शिवायचे. मजुरी हजार फर्म्यांवर. घडी दाबायला हातात एक गुळगुळीत पट्टी असायची. माझ्या उजव्या अंगठ्याखाली तिचा घट्टा अजून आहे.

शिवलेलं पुस्तक कटिंग मशीनखाली गेलं की तीन बाजूंच्या कडा कापल्या जात आणि खाली लांबच लांब पट्ट्यांचा ढीग पडे. त्याला आम्ही कातरण म्हणायचो. गोण्या भरून ती रद्दीत जायची. शेठना विचारून मी त्यातली मूठभर घरी आणायची. कव्हरांची कातरण रंगीत असे, एका कडेला निळं, दुसऱ्या कडेला तांबडं. झाडूच्या हिरावर पट्टी गुंडाळली आणि अलगद सोडली की गोल भिंगरी व्हायची. पाच भिंगऱ्या जवळजवळ चिकटवल्या की फूल, एकीला चिमटीत दाबलं की पान. नणंदेच्या रुखवतात मी अशी अख्खी तुळस करून ठेवली होती, वृंदावनासकट. परवा नातीने सांगितलं की याला क्विलिंग म्हणतात आणि पट्ट्यांची पाकिटं दुकानात विकत मिळतात. पट्ट्या विकत! मी दोन मिनिटं गप्पच बसले.

आमची खोली १६० चौरस फुटांची. माणसं सात. तिथे सजावट कसली, तर सकाळी घडी करून गादीखाली सारता येईल ती. चैत्रगौरीची आरास, बारशाला पाळण्यावरच्या झिरमिळ्या, डोहाळजेवणाची फुलांची वाडी, सगळं कागदाचंच, कारण कागदाला जागा लागत नाही. कायमची सजावट एकच होती, आणि ती, संपादकसाहेब, तुमच्याकडूनच यायची. मांडणीच्या फळ्यांवर पेपर घालायचा आणि फळीच्या पुढे चार बोटं लोंबत ठेवून त्याला कातरीने नक्षी कापायची. घडीवर घडी घालून आठ पदर झाले की एकाच कापात अख्ख्या फळीची झालर निघते. कुणी कमळं कापी, कुणी नुसते त्रिकोण. शेजारणीने एकदा मोर काढले होते, तेव्हा मजल्यावरच्या बाया बघायला आल्या होत्या. दिवाळीला पेपर बदलायचा, आणि जुना काढताना वर्षापूर्वीच्या बातम्या वाचत फतकल मारून बसायचं. काम अर्धा तास, वाचन दोन तास.

त्या झालरीनेच मला पहिला धडा दिला. घडी ज्या बाजूने घालावी त्यावर नक्षी स्वच्छ निघणार की कुरतडल्यासारखी, हे ठरत होतं. का, ते गाळ्यात गेल्यावर कळलं.

तुम्हीही करून बघा. कालचा पेपर घ्या आणि वरून खाली फाडा. आखल्यासारखी सरळ पट्टी निघेल. आता डावीकडून उजवीकडे फाडा. उंदराने खाल्ल्यासारखा वाकडातिकडा जाईल. कागदाच्या गिरणीत लगदा धावत्या जाळीवर पडतो, तेव्हा त्यातले बरेचसे तंतू जाळी ज्या दिशेला धावते त्याच दिशेला झोपतात. लाकडाला जशी उभी रेषा असते तशी ती कागदाची. प्रेसमध्ये तिला ग्रेन म्हणतात. रेषेच्या बाजूने घडी लोण्यासारखी बसते. रेषेच्या आडवी घातली तर जाड कागद घडीवर तडकतो. हवेत ओल आली की हे तंतू जाड होतात, लांबीत फारसे वाढत नाहीत, त्यामुळे कागद एकाच बाजूने फुगतो. म्हणूनच जुलै महिन्यात भिंतीवरची कागदी सजावट पोट काढून उभी असते, आणि घरातले एकमेकांना विचारतात, हे चिकटवलं कुणी?

कुठल्या कागदाची रेषा कुठे, हे ओळखायचं असेल तर दोन बोटं रुंद चौकोनी तुकडा पाण्यावर तरंगत ठेवा. तो आपणहून वळू लागतो, आणि ज्या नळीसारखा वळतो त्या नळीच्या लांबीत त्याची रेषा असते. आमच्या मुकादमबाई तर पाणीही वापरत नसत, ताव हातात नुसता हलवून सांगायच्या.

तुमच्या लेखात हे कुठेच नव्हतं, आणि माझं भांडण तेवढंच आहे. लेखात रंग होते, कोपरे होते, 'उबदार प्रकाश' तीनदा होता, कागद मात्र कुठे नव्हता. सुचतं कसं, असं मलाही लोक विचारतात. मला बसल्या जागी काही सुचत नाही. मी कागद हातात घेते, तो एका बाजूला वळतो, दुसऱ्या बाजूला नको म्हणतो, आणि तेवढ्यात काहीतरी व्हायला लागलेलं असतं. फोनवर दोनशे दिवे बघून उठलेल्या माणसाच्या हाताला यातलं काय कळणार?

हे मी ताज्या अनुभवावरून सांगते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यात आम्ही होतो. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत आलो. मजला बाविसावा. भिंती इतक्या पांढऱ्या की पहिले आठ दिवस मला दवाखान्यात आल्यासारखं वाटत होतं. सुनेने सांगून ठेवलं, "आई, खिळा ठोकायचा नाही." बरोबर आहे तिचं. पण कागदाला खिळा लागतो कुठे?

पहिल्या दिवाळीला मी हौसेने जुन्या पद्धतीचा कंदील केला. कामट्यांचा सांगाडा, त्यावर दुरंगी पतंगी कागद, बाजूंना करंज्या, खाली शेपट्या. चाळीत असे कंदील व्हरांड्यात ओळीने लागायचे. तळमजला धरून चार मजले, ८० खोल्या, आणि कार्यकर्त्यांनी ठरवलेला एकच रंग. नव्या घरात तो खिडकीबाहेर टांगला. वसुबारसेच्या रात्री समुद्राकडून वारा सुटला आणि सकाळी दोरीला नुसता सांगाडा लटकत होता. कागदाचं एक चिरगूट शिल्लक नाही. खालच्या कुठल्या मजल्यावर जाऊन पडलं कोण जाणे. नात रडवेली झाली. मी तिला म्हटलं, कंदील चांगला होता गं, तळमजल्याचा होता. बाविसाव्याला तो चालत नाही, इतकंच.

मग दोघी बसलो. वाऱ्याला अडवायचं तर काच लागेल, त्यापेक्षा जाऊ दे त्याला आरपार. शाळेत सगळ्यांनी केलेला चिरांचा कंदील आठवा. कागद मधोमध दुमडायचा, घडीकडून चिरा द्यायच्या, कडेला दोन बोटं सोडायची, उघडून गोल चिकटवायचा. तोच केला, पण जाड कार्डाचा, आणि रेषा कंदिलाच्या उंचीत उभी ठेवून. तशी ठेवली की कार्ड मऊसूत गोल वळतं आणि पट्ट्या ताठ राहतात. आडवी ठेवली तर जोड सारखा उचकटायला बघतो. मधली घडी मात्र अशा वेळी रेषेच्या आडवी येते, म्हणून ती पट्टीने करकचून दाबायची नाही, बोटाने नुसती मोडायची. आत दुसरा, बाहेरच्यापेक्षा बोटभर बारीक कंदील सरकवला, त्याच्या चिरा बाहेरच्या पट्ट्यांच्या मागे येतील असा. त्यामुळे दिवा डोळ्यांवर येत नाही आणि वारा शिरतो तसा निघून जातो. तो कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला. नंतर आम्हीच उतरवला.

पूर्वी मला कागदी दिव्याची धास्ती वाटायची. आत साधा पिवळा बल्ब असे, तासाभरात वरचा कागद तांबूस होई आणि कुणीतरी सारखं हात लावून बघत बसे. आता एलईडीचा बल्ब त्या मानाने फारसा तापत नाही. कागदाला खरे चांगले दिवस आले आहेत ते त्या बल्बामुळे.

सांगाडा उघडा पडला त्या सकाळी आम्ही माहीमच्या कंदील गल्लीतही जाऊन आलो होतो. विकत घ्यायला नव्हे (नातीचा हट्ट होता, मी कानाडोळा केला), कामटी कशी बांधतात ते बघायला. तिथे उभं राहिलं की दहा मिनिटांत जे शिकता येतं ते सांगून शिकवता येत नाही. दोन कामट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे दोरा कसा फिरवतात, कागद लावताना खळ कामटीला लावतात की कागदाला, हे सगळं नात डोळे फाडून बघत होती. कागद घ्यायचा तर मी अजूनही अब्दुल रहमान स्ट्रीटलाच जाते. पाय दुखतात, पण तिथे ताव हाताला लावून बघता येतो. पडद्यावरच्या कागदाचा ग्रेन मी कसा ओळखू?

जाड कागद मात्र मी विकत घेत नाही. तो आपल्या सगळ्यांच्या घरी पडून असतो. लग्नपत्रिका! गिरगावच्या खाडिलकर रोडवर जाऊन लोक हौसेने छापून घेतात, इतका देखणा कागद दुसऱ्या कशाला वापरत नाहीत, आणि लग्न झालं की त्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. रद्दीत टाकवत नाही, कारण वर गणपती असतो. माझ्याकडे सगळे आणून देतात. मी गणपती तेवढा अलगद कापते आणि वहीत चिकटवते, खाली तारीख लिहिते. दोन वह्या भरल्या, तिसरी चालू आहे. उरलेल्या कार्डाचे कंदील, डब्या, नातीच्या पुस्तकातल्या खुणा. परवा एका कंदिलाच्या आतल्या बाजूला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं निघालं, तो दिवा आता दिवाणखान्यात आहे. सुनेला आवडतो. तिच्याच मावसभावाची पत्रिका आहे ती.

सगळंच टाकाऊ ते टिकाऊ करावं असंही मला वाटत नाही, हे स्पष्ट लिहिते. बाटलीला रंग फासून, सुतळी गुंडाळून ठेवली की ती धड बाटली राहत नाही आणि फुलदाणीही होत नाही. तीच गत आइसक्रीमच्या काड्यांच्या पेनस्टँडची. शाळेच्या प्रोजेक्टांचं तर बोलूच नये. आमच्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला वेडंवाकडं का होईना, पण स्वतः करायचो. आता रात्री नऊ वाजता बाप स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रोजेक्ट घ्यायला रांगेत उभा असतो. त्या बापाचाही दोष नाही, तो विरारहून येऊन उभा असतो.

२०१८ च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मात्र मला आनंद झाला होता. आमचा दीड दिवसाचा गणपती. त्याआधी काही वर्षं आम्हीही दादरहून थर्माकोलचं मखर आणत होतो, खोटं कशाला बोलू. बंदी आल्यावर पुन्हा पुठ्ठ्यावर आलो. घरपोच मागवलेल्या वस्तूंची खोकी आता प्रत्येक घरात ढिगाने असतात. त्या पुठ्ठ्याच्या पोटात नळ्या असतात. खांब करताना नळ्या उभ्या ठेवायच्या आणि कमान करताना वळणाच्या आडव्या, की पुठ्ठा मोडत नाही, वळतो. पुन्हा रेषेचीच गोष्ट. यंदाच्या मखराचा आराखडा नात करणार आहे. मी फक्त कापणार.

एक कागद मात्र असा आहे ज्याला ही रेषा जवळजवळ नसतेच. पुण्याला नणंदेकडे गेले होते, तेव्हा शिवाजीनगरची हातकागद संस्था पाहिली. १९४० सालची संस्था. तिथे कागद झाडाचा नसतो, सुती चिंध्यांचा असतो. चिंध्या कुटून लगदा करतात, तो हौदातल्या पाण्यात असतो, आणि कारागीर जाळीची चौकट त्यात बुडवून अलगद वर उचलतो. हाताने हलवल्यामुळे तंतू सगळ्या दिशांना पडतात, म्हणून तो ताव कुठूनही दुमडा, रुसत नाही. पेपरसारखा लवकर पिवळाही पडत नाही. पेपरच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, ऊन लागलं की तेच पिवळं पडतं. सुती चिंध्यांत ते नसतं. मी एक ताव विकत घेतला आणि घरी आणून ह्यांच्या हातात दिला. आयुष्यभर सुतात राबलेला माणूस. त्यांनी अंगठ्याने चोळून बघितला, नाकाजवळ नेला, आणि म्हणाले, "कापूस आहे." तो ताव मी अजून दुमडलेला नाही.

आता मागणं. गणपतीची, दिवाळीची पुरवणी निघेल तेव्हा सजावटीच्या पानावर फोटो थोडे कमी करा आणि एका वस्तूचा आराखडा पूर्ण मापात छापा. कापायच्या रेघा सलग, दुमडायच्या रेघा तुटक. तुमच्या कागदाची रेषा पानाच्या उंचीत असते, तेव्हा कंदील उभा छापलात तर कापणाऱ्याचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असेल. मागच्या बाजूला तेवढी कुणाच्या निधनाची जाहिरात येऊ देऊ नका. वाचकाला खर्च शून्य, आणि ज्या पोराला विकतचा दिवा परवडत नाही त्यालाही त्या दिवशी बसायला काम मिळेल. माप लागलं तर माझ्याकडे आहे. मी देईन.

कळावे, लोभ असावा.

आपली एक जुनी वाचक
(निवृत्त बाइंडिंग कामगार), वरळी

ता. क. खळीबद्दल लिहायचं राहिलं. मैद्याची खळ मुंबईच्या पावसाळ्यात टिकत नाही, बुरशी धरते आणि कसर येते. माझं एक झुंबर असंच गेलं. गाळ्यात आम्ही खळीत मोरचूद घालायचो. ते विष आहे, घरात पोरंबाळं असताना कुणी घालू नये. जून ते सप्टेंबर सरळ फेविकॉल वापरावा आणि कागद ठेवता त्या खोक्यात वेखंडाचा तुकडा टाकावा.

आणखी एक. त्या लेखाची दोन पानं एकावर एक चिकटवून मी तसाच कंदील केला आहे. दिवा लावला की किमतीची चौकट बरोबर मध्ये उजळते. खिडकीकडची बाजू आताच पिवळी पडली आहे. सून म्हणते, राहू द्या, व्हिंटेज दिसतो.